पारिया

आमच्या घरात जर्मन हा शब्द आला तो टोपातून. आजीकडे दोन टोप, एक कढई, चार ताटं होती. सगळी जर्मनची. ॲल्युमिनियम हा शब्द तिला कधी लागलाच नाही. पिवळं ते पितळ, लाल ते तांबं, आणि पांढरं, हलकं, आपटलं की पोचा पडणारं ते जर्मन. "जर्मनच्या टोपात सोलकढी ठेवू नको रे, भोकां पडतली," हे तिचं रसायनशास्त्र. शिरोड्याच्या मिठागरांवर तिने उमेदीची वर्षं काढली. मिठाने तिच्या टाचा खाल्ल्या आणि घरातले टोपही.

जर्मन सिल्व्हर म्हणजे मुळात तांबं, निकेल आणि जस्त. त्यात चांदी नावालासुद्धा नाही. पुढे स्वस्त ॲल्युमिनियम घरोघर आलं आणि ते नाव त्याला चिकटलं. नाव चांदीचं आणि आत काही नाही, असा आपल्याकडे बराच माल असतो.

पण भांड्यालाही जात असते, दोस्तांनो. मनूने दहाव्या अध्यायात चांडाळाला फुटकी भांडी आणि लोखंडाचे दागिने वाटून दिलेत. हे फार जुनं झालं असं कुणी म्हणेल. तर नोव्हेंबर १९३५ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या एका गावात आपल्या बायका पाणी भरायला धातूची भांडी घेऊन गेल्या म्हणून त्यांना मारहाण झाली. बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये १९३६ साली ही हकिकत नोंदवून ठेवली आहे. आजीचा जर्मनचा टोप त्या हिशेबाने बंडखोरच म्हणायचा.

दुसरा जर्मन शाळेत भेटला. एका शाळेतल्या एका गुरुजींनी सांगितलं, गटे नावाचा थोर जर्मन कवी कालिदासाचं शाकुंतल वाचून ते डोक्यावर घेऊन नाचला. महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांनी हा नाच ऐकला असेल! सोबत मॅक्स म्युलर असायचाच. आपल्या शास्त्रीपंडितांनी त्याचं मोक्षमूलर भट्ट असं बारसं केलं होतं. ऋग्वेद छापला म्हणून जर्मन माणूससुद्धा भट्ट होऊ शकतो. मी आठवीत संस्कृत घेऊ का म्हणून विचारलं तेव्हा गुरुजी हसले. म्हणाले, "तुमच्या जिभेला विसर्ग झेपायचे नाहीत." भट्टपण सातासमुद्रापार पोचलं, पण देवळापासून आमच्या वाडीपर्यंत काही आलं नाही.

तिसरा जर्मन गिरणीत. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सूतगिरणीत वाइंडिंग खात्यात आहे. आमच्या ऑटोकोनरवर श्लाफहोर्स्ट हे नाव आहे. पलीकडे कार्डिंगला ट्रुट्श्लर, त्यातल्या उकारावर दोन टिंबं. रात्रपाळीत लाल दिवा लागला की धावायचं, धागा मोकळा करायचा, परत उभं राहायचं. उभ्या उभ्या ती टिंबं बघत राहायचो. हे अक्षर उच्चारतात कसं, एवढीच खाज होती. फोनवर शोधलं. तिथून लागलेलं हे वेड.

मग मावसबहीण नर्सिंग करून जर्मन शिकायला लागली. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून आपल्याकडेही पोरींच्या तोंडी ए-वन, बी-वन, बी-टू ही भाषा आली. तिला नोकरीसाठी हवं होतं, मला नुसतंच. सुटीत शिरोड्याला गेलो की तिची पुस्तकं माझी. आजी म्हणाली, "जर्मनीत आपलो कोण आसा रे?"

सांगतो ना कोण आहे ते.

आधी भाषेबद्दल थोडं. जर्मन शिकताना मला घरच्यासारखं वाटलं. मराठीसारखीच तीन लिंगं. आणि जोडवाक्यात क्रियापद शेवटी येतं, म्हणजे समोरचा काय म्हणतोय ते कळायला वाक्य संपेपर्यंत थांबावं लागतं. पण पहिल्याच धड्यात जे आलं त्याने मी अडखळलो. अनोळखी मोठ्या माणसाला 'तू' म्हणायचं नाही, 'झी' म्हणायचं, म्हणजे 'तुम्ही'. मग तो मालक असो की झाडूवाला. वाचलं आणि आजा आठवला. सत्तरीच्या माणसाला गावातली दहा वर्षांची पोरं 'अरे' म्हणायची, आणि आजा त्यांना 'काय ओ' म्हणायचा. जर्मन माणूस धुतल्या तांदळाचा आहे असं मी म्हणत नाही. तो काय आहे ते पुढे येतंच. पण व्याकरणाच्या पुस्तकात पान दहावर समता पाहून मला क्षणभर पुस्तक मिटावंसं वाटलं.

तर गटे. त्याची एक तीन भागांची कविता आहे, १८२४ साली छापलेली. नाव 'पारिया'. हा शब्द तमिळ मुलखातला. परै म्हणजे ढोल, तो वाजवणारे ते परैयर. पोर्तुगीजांनी हा शब्द युरोपात नेला आणि तिथल्या भाषांमध्ये तो बहिष्कृत या अर्थाने पसरला. म्हणजे अख्ख्या युरोपाला वाळीत टाकलेल्या माणसासाठी शब्द हवा होता, तो त्यांनी आपल्या ढोलावरून घेतला.

पहिल्या भागात पारियाची प्रार्थना. दुसऱ्यात एक कथा. तिसऱ्यात त्याने मानलेले आभार. कथा ऐका. एका ब्राह्मणाची शुद्ध बायको रोज नदीवर जाते. तिला भांडं लागत नाही. पाणी तिच्या हातात गोळा होऊन चेंडूसारखं राहतं. एके दिवशी पाण्यात एका देवकुमाराचं प्रतिबिंब दिसतं, मन हलतं, आणि पाणी हातात ठरेना. नवरा तिला वधस्थळी नेऊन तलवार चालवतो. मुलगा आईला जिवंत करायला धावतो आणि घाईत आईचं मस्तक तिथेच पडलेल्या एका हीन जातीच्या बाईच्या धडावर बसवतो. तीच पुढे देवी होते.

ओळखलं? रेणुका. आपली यल्लम्मा. जमदग्नी, आणि आईवर परशू चालवणारा परशुराम. कोकणाला परशुरामाची भूमी म्हणतात, समुद्र मागे हटवून त्याने ती वसवली म्हणे. त्या भूमीत मी जन्मलो आणि ही गोष्ट जर्मनीतल्या कवीकडून नव्याने ऐकली. शाकुंतलाचा नाच सांगणाऱ्यांनी ही कविता का नाही सांगितली? नाच सांगितला कारण त्यात कण्व आणि दुष्यंत आहेत. 'पारिया'त आम्ही आहोत.

आहोत, पण कसे, ते नीट बघा. गटेचा हेतू चांगला होता. देव पारियाचाही आहे, त्याच्यासाठीही मध्यस्थ हवा, असं त्याला म्हणायचंय. पण देवीचं डोकं कुणाचं? ब्राह्मणीचं. धड कुणाचं? आपलं. डोक्याने विचार करायचा, धडाने सोसायचं. पुरुषसूक्तात तोंडातून एक निघाला आणि पायातून एक निघाला, त्याचीच ही जर्मन आवृत्ती. त्या दुसऱ्या बाईचं डोकं कुठे गेलं, तिचा गुन्हा काय होता, हे कविता विचारत नाही. मी गटेच्या जागी असतो तर त्या पडलेल्या डोक्यावरच लिहिलं असतं. आणि पाणी. शुद्ध बाईला पाण्यासाठी भांडंच लागत नाही, आणि आपल्या बायकांनी धातूचं भांडं घेतलं तर टाळकं फुटतं. ही कविता छापली गेली तेव्हा पेशवाई बुडून सहा वर्षंच झाली होती. पुण्यातली गळ्यातली मडकी काढलेली माणसं तेव्हा जिवंत होती.

त्याच सुमारास, १८२३ साली, बर्लिनमध्ये एक नाटक आलं. तेही 'पारिया' नावाचं. लेखक मिखाएल बेअर, ज्यू. नाटकातल्या गादी नावाच्या पारियाला देशासाठी लढायचंय, पण जात आडवी येते. बर्लिनच्या प्रेक्षकांना कळलं की हा हिंदुस्थानातला पारिया नाही, हा आपल्याच गल्लीतला ज्यू आहे. नेपोलियनविरुद्धच्या लढाईत ज्यू पोरं प्रशियासाठी लढली होती आणि लढाई संपल्यावर त्यांच्या तोंडावर सरकारी नोकऱ्यांची दारं लागली होती. हे वाचताना मला थेट दापोली दिसली. पेन्शनीत निघालेले महार सुभेदार, हवालदार तिथे राहायचे. इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी तिथूनच लढा मांडला. १८९४ चा त्यांचा अर्ज आहे. बेअरचा गादी रंगभूमीवर जे बोलला ते वलंगकर सरकारला अर्जातून बोलले, आणि वलंगकरांना कुणाचा वेष घ्यावा लागला नाही.

पुढे समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर आला. त्याने ज्यू समाजाला पारिया-लोक असं शास्त्रीय नावच दिलं. वेबर १९२० मध्ये वारला, आणि हिंदू व बौद्ध धर्मावरचं त्याचं लिखाण १९२१ मध्ये ग्रंथरूपाने आलं. गटे, बेअर, मॅक्स म्युलर, वेबर. चौघांपैकी एकानेही हिंदुस्थानात पाऊल ठेवलं नव्हतं. त्यांच्या साहित्यात शंभर वर्षं पारिया वावरत होता. कधी देवीचं धड, कधी ज्यूचा मुखवटा, कधी समाजशास्त्रातली संज्ञा. बोलायचे मात्र दुसरेच. आपल्या ढोलाचं नाव घेऊन दुसरे आपापलं दुःख वाजवत होते. त्यांचं दुःख खोटं नव्हतं. पण ढोल आपला होता.

आणि त्याच १९२१ साली बॉन शहरात एक विद्यार्थी दाखल झाला.

आजी, तुझा प्रश्न. आपलो कोण आसा? हो आसा.

बाबासाहेब तेव्हा लंडनला शिकत होते, तीस वर्षांचे होत होते. २५ फेब्रुवारी १९२१ चं त्यांचं प्रशियाच्या शिक्षण खात्याला लिहिलेलं पत्र आहे. सोबत जर्मन भाषेत, स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिलेला जीवनवृत्तान्त. २९ एप्रिलला बॉन विद्यापीठात नाव लागलं. शिकणं फार झालं नाही. लंडनचं काम होतं, पैशाची ओढाताण होती. तासांना नाव नोंदवलं नाही म्हणून जानेवारी १९२२ मध्ये पटावरून नाव कमी झालं. चरित्रकार हे दोन ओळींत उरकतात. पटावर आठ-नऊ महिने राहिलेल्या नावाचं काय सांगायचं, असं त्यांना वाटत असेल.

मला त्या कागदाचं मोल वाटतं ते असं. ज्या भाषेत पारिया शंभर वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून बोलत होता, त्या भाषेत खरा बहिष्कृत माणूस स्वतः बसून लिहितो. आणि लिहितो काय? प्रार्थना नाही, विलाप नाही, आभार नाहीत. प्रवेशाचा अर्ज. माझं शिक्षण इतकं इतकं झालं, मला पुढे शिकायचंय. बस. गटेच्या पारियाने देवाकडे मध्यस्थ मागितला, बाबासाहेबांनी विद्यापीठाकडे जागा मागितली.

मुंबईतल्या शाळेत याच माणसाला संस्कृत नाकारलं होतं. फारसी घ्यावी लागली. आणि त्याच मुंबईत, त्यांच्या कितीतरी आधी, १८६३ पासून एल्फिन्स्टन कॉलेजात गेओर्ग ब्यूलर हा जर्मन माणूस पौर्वात्य भाषांचा प्राध्यापक होता. ब्यूलरने पुढे मनुस्मृतीचं इंग्रजी भाषांतर केलं, ते १८८६ मध्ये मॅक्स म्युलरच्या ग्रंथमालेत छापलं. पुण्यात मार्टिन हाउग हा दुसरा जर्मन १८५९ पासून संस्कृत शिकवत होता. त्याला यज्ञाचे विधी डोळ्यांनी बघायचे होते. एका श्रौत्याने दक्षिणा घेऊन त्याच्या आवारात, आडोशाला, ते करून दाखवले. आडोशाला! म्लेंच्छाने यज्ञ पाहिला, वेद बाटला नाही. त्याच पुण्यात, त्याच काळात, फुले नावाचा माळी अस्पृश्यांच्या पोरांना बाराखडी शिकवत होता तर गावाला विटाळ झाला.

म्हणजे कुलूप विद्येला नव्हतं. कुलूप फक्त आपल्याला होतं. ब्यूलरने किल्ली काढली ती आपल्यासाठी नाही, इंग्रज सरकारला हिंदू कायदा समजावा म्हणून, स्वतःच्या व्यासंगासाठी. पण किल्लीला काय, ज्याच्या हातात पडेल त्याची. 'हू वेअर द शूद्राज?' १९४६ मध्ये छापलं तेव्हा संस्कृत न येणाऱ्या माणसाने यात पडू नये असा आक्षेप येणार हे बाबासाहेबांना माहीत होतं. प्रस्तावनेत त्यांनी सरळ सांगितलं की संस्कृतवर माझं प्रभुत्व नाही, पण बहुतेक सगळं इंग्रजीत उपलब्ध आहे आणि पंधरा वर्षं मी ते अभ्यासलंय. आता गंमत बघा. गटेला तरी कुठे संस्कृत येत होतं? त्याने शाकुंतल वाचलं ते फोर्स्टरच्या १७९१ च्या जर्मन भाषांतरात, आणि फोर्स्टरने ते केलं होतं विल्यम जोन्सच्या इंग्रजीवरून. भाषांतराचं भाषांतर. तरी त्याच्या अधिकाराबद्दल आजवर कुणी शंका काढलेली मी ऐकली नाही. नाचणाऱ्याला अधिकार लागत नाही, चिरफाड करणाऱ्याला लागतो.

आता जर्मनीची दुसरी बाजू. ही सांगितली नाही तर मीही शाकुंतलवालाच.

आर्य हा शब्द जर्मन पंडितांनी भाषेसाठी उचलला आणि बघता बघता तो रक्ताला लावला गेला. म्युलरने उतारवयात, १८८८ मध्ये, बजावलं की आर्य म्हणताना मला रक्त, हाडं, कवटी असलं काही अभिप्रेत नाही. ऐकतो कोण? पुढे इरावती कर्वे बर्लिनला मानववंशशास्त्र शिकायला गेल्या. त्यांचा गुरू ऑयगेन फिशर. या फिशरने १९०८ मध्ये आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत मिश्र वंशाच्या माणसांची मापं घेतली होती, ज्या मुलखात जर्मन फौजांनी हेरेरो आणि नामा लोकांची कत्तल चालवली होती तिथेच. तिथल्या कवट्या बर्लिनला आल्या. त्यातल्या काही २०११ साली नामिबियाला परत गेल्या. कर्वेबाईंना गुरूने कवट्या मोजायला दिल्या. त्याचा अंदाज असा की कवटीच्या दोन बाजूंतला असमतोल गोऱ्यांमध्ये जास्त भरेल, कारण बुद्धी जास्त. बाईंनी मोजलं आणि असा काही फरक वंशावरून दिसत नाही असं त्याला लिहून दिलं. चितपावन घरच्या, ब्रह्मदेशात जन्मलेल्या या बाईचं हे धाडस मी मानतो. परत आल्यावर त्याच टेपा आणि कंपास घेऊन त्यांनी महाराष्ट्रात जातीजातीची मापं घेतली, हे मात्र मला तितकंसं पचत नाही. आणि बाबासाहेब बघा. १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये त्यांनी नाकांची मापं उचलली, दुसऱ्यांनीच घेतलेली, आणि ती उलटी त्यांच्यावरच धरली. माप खरं मानायचं तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. हवं तर माना, नको तर माप फेकून द्या.

ज्यांना शंभर वर्षं पारिया म्हटलं त्या ज्यूंचं पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. १९३५ चे न्युरेंबर्गचे कायदे वाचून बघा. कुणी कुणाशी लग्न करायचं नाही, कुणाच्या घरी कुणी कामाला राहायचं नाही. मी वाचत होतो तेव्हा वाटलं, हे कुठेतरी आधी वाचलंय. साठ लाख माणसं मारली.

शिरोड्याच्या आमच्या अभ्यासवर्गात यावर जुंपली. १० मे १९३३ ला बर्लिनच्या ऑपेराच्या चौकात विद्यार्थ्यांनी पुस्तकांची होळी केली. विद्यार्थ्यांनीच, हे ध्यानात ठेवा. हाइनरिख हाइने हा ज्यू कुळातला कवी १८५६ मध्येच वारला होता, पण त्याचीही पुस्तकं आगीतून सुटली नाहीत. हे मी सांगितल्यावर एक पोरगा उठला. म्हणाला, "मग २५ डिसेंबर १९२७ ला महाडात आपण काय केलं? पुस्तकच जाळलं ना?" बाकीचे त्याच्यावर धावले. मी म्हटलं, थांबा, प्रश्न बरोबर आहे. मनुस्मृती-दहनाचा आपण दरवर्षी दिवस पाळतो, तर या प्रश्नाला उत्तर द्यायची तयारी पाहिजे.

माझं उत्तर असं आहे. बर्लिनला जाळणाऱ्यांच्या हातात सरकार होतं, पोलीस होते, छापखाने होते. जाळल्यावर ती पुस्तकं कुणी वाचू नयेत असा बंदोबस्त होता, आणि नंतर लिहिणारी माणसंही शोधली. महाडला जाळणाऱ्यांच्या हातात तळ्याचं पाणीसुद्धा नव्हतं. मनूची प्रत त्यानंतर कुठल्या दुकानातून कमी झाली नाही, कुठल्या पाठशाळेतून गेली नाही. कुणा ब्राह्मणाच्या केसालाही धक्का लागला नाही. दहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मणच होते. आणि ज्याने जाळलं तो माणूस तेच पुस्तक शेवटपर्यंत वाचत राहिला, त्यातले श्लोक अंकांसकट देत राहिला. वाचू न देणारं पुस्तक वाचून जाळलं. बर्लिनच्या पोरांनी जाळलेलं किती वाचलं होतं, विचारा.

तो पोरगा म्हणाला, "उद्या आपल्या हातात सरकार आलं तर?" यावर वर्ग शांत झाला. मला हा प्रश्न आवडला. त्याचं उत्तर त्या दिवशी कुणी दिलं नाही, आणि मी इथे देणार नाही. पुढच्या बैठकीला यावं.

हाइनेचा विषय निघालाच आहे तर. १८४४ साली श्लेझियन भागातल्या विणकरांनी व्यापाऱ्यांविरुद्ध बंड केलं. हातमागाची मजुरी पडली होती, घरात खायला नव्हतं. फौजेने गोळ्या घातल्या. हाइनेने त्याच वर्षी त्यांच्यावर कविता लिहिली. पुढे गेरहार्ट हाउप्टमानने १८९२ मध्ये 'विणकर' हे नाटक लिहिलं, आणि आधी लिहिलं ते त्या विणकरांच्या बोलीत. बर्लिनच्या पोलिसांनी जाहीर प्रयोगाला बंदी घातली. कोर्टकज्जे होऊन १८९४ मध्ये प्रयोग झाला तेव्हा कैसर इतका भडकला की त्याने त्या नाट्यगृहातली आपली राखीव जागा सोडून दिली. त्या नाटकात नायक नाही. अख्खा विणकरांचा जमावच नायक आहे. मी धाग्यावर जगणारा माणूस, मला हे नाटक गटेहून जवळचं. मालवणीत लिहिलं तर कोण वाचणार म्हणणाऱ्या आपल्या मित्रांनी एवढं लक्षात घ्यावं की या माणसाला १९१२ मध्ये नोबेल मिळालं, आणि सुरुवात त्याने गावठी बोलीपासून केली होती. आपला नामदेव ढसाळ कामाठीपुऱ्याची भाषा घेऊन २००१ साली बर्लिनच्या साहित्य महोत्सवात गेलाच ना. त्याने कुणाला मध्यस्थ नेमलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात चार दिवस घरी होतो. मावसबहिणीचा अर्ज भरायचा होता. जर्मन लोक अर्जासोबत मागतात त्या कागदाला लेबेन्सलाउफ म्हणतात. लेबेन म्हणजे जगणं, लाउफ म्हणजे धाव. बाबासाहेबांनी १९२१ मध्ये लिहून दिला तोच प्रकार. तिला मी ते सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आमचो फॉर्म तोच?" फॉर्म तोच, म्हटलं. तिने पदर नसलेल्या कुडत्याला हात पुसले आणि नीट मांडी घालून बसली.

शाळा झाली, नर्सिंग झालं, रत्नागिरीतल्या दवाखान्यातला अनुभव झाला. मग मुलाखतीची तयारी. "तुमच्या गावाबद्दल सांगा," असं विचारतात म्हणे. तिला सांगायचं होतं की आमची वाडी गावापासून लांब आहे. का लांब आहे? तिथे ती अडली. मला विचारलं, "दादा, थंय जात विचारतत?"

"जर्मन नाय विचारूचे," म्हटलं. "पण तिथे पत्ता नोंदवताना धर्म विचारतात, चर्चचा कर कापायचा असतो म्हणून. आणि जात विचारायला आपले लोक असतीलच. खोलीत जागा देताना आडनाव विचारतील."

ती काही बोलली नाही. फोनमध्ये शब्द शोधू लागली. अस्पृश्य टाकलं तर एक लांबलचक शब्द आला, तो तिच्या तोंडात बसेना. त्याच्याखाली दुसरा होता. छोटा, सोपा. पारिया.

"हो बरो आसा. हो घालू?"

मी तिला गटेची गोष्ट सांगितली. आईचं डोकं आणि दुसरीचं धड. ती ऐकत होती, पेन हातात. गोष्ट संपल्यावर म्हणाली, "आणि त्या दुसरीच्या डोक्याचा काय झाला?"

मग तिने लिहिलं, वीर झिन्ट बुडिस्टेन, आम्ही बौद्ध आहोत. आणि वाडी लांब का, याचं उत्तर न लिहिता पुढच्या ओळीवर गेली. आजीबद्दल लिहायचं होतं तिला. मिठागराला जर्मनमध्ये काय म्हणतात ते शोधायला घेतलं. सापडलं, झालीने. स्त्रीलिंगी. दी झालीने.